सेंट टिबच्या आदल्या दिवशी

"भिंतीतून काय येताय, बाईसाहेब? दार आहे ना तिकडे!"

आवाज थेट पायाखालून आला. नेल पेंगेली दचकली, कागदी पेल्यातला चहा मनगटावर सांडला, आणि तिने वाकून खाली पाहिलं. दीड पुरुष खोल खड्डा. खड्ड्यात चिखल. आणि चिखलात... दोन डोळे. बाकीचा माणूसही होता, पण तो चिखलाच्याच रंगाचा असल्यामुळे वेगळा काढून बघावा लागत होता.

"कसली भिंत?" ती म्हणाली. "इथे तर काहीच नाही."

"सगळे हेच म्हणतात," तो माणूस खरोखरच्या दुःखाने म्हणाला. "चर्चची उत्तरेची भिंत. तुमच्या उजव्या बुटाखाली. ती पांढरी दोरी दिसतेय ना... ती भिंत. दीडशे वर्षांपूर्वी पाडली म्हणून काय झालं, तिच्यातून आरपार चालत यायचं? दार पश्चिमेला आहे. दोन खुंट्या, मध्ये फळी. आमच्यात सगळे दारातून येतात."

"आणि नाही आलं तर?"

"तर त्या दिवशीचा चहा त्याने करायचा. आम्ही नऊ जण आहोत."

लंडनमधला फेब्रुवारीचा पाऊस पडत होता, म्हणजे पडतोय असंही म्हणवत नाही आणि थांबलाय असंही म्हणवत नाही, तसला. नेलला हसू येत होतं आणि तिला हसायचं नव्हतं. काखेत नकाशांची गुंडाळी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि जिभेवर घोटून आणलेलं एक वाक्य: सत्तावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, हा खड्डा रिकामा पाहिजे. या जागेवर एकतीस मजली इमारत उठणार होती. ती कुठल्या दिवशी किती उठणार याचं वेळापत्रक आखणं हे नेलचं काम. आणि बांधकामाआधी जुने अवशेष उकरणाऱ्या मंडळींना शेवटची तारीख सांगायला आलेल्या बाईने त्यांच्यासाठी नऊ कप चहा करायचा?

तरी ती मागे फिरली. ओल्या फळ्यांवरून, दोरीच्या बाहेरून, नसलेल्या चर्चला सबंध वळसा घालून पश्चिमेला गेली आणि दोन खुंट्यांच्या मधून आत उतरली. का उतरली, ते तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं.

"आले दारातून. आता ऐका..."

"रूफस हेल," म्हणत त्याने हात पुढे केला, हाताकडे पाहिलं, मागे घेतला आणि त्याऐवजी कोपर पुढे केलं. कोपर त्यातल्या त्यात स्वच्छ होतं. नेलने ते धरून गंभीरपणे हलवलं आणि घोटून आणलेलं वाक्य म्हणायला गेली, तर त्यातली तारीखच आठवेना.

तारीख तिने दुसऱ्या दिवशी सांगितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. मग रोज अकराच्या सुमाराला खड्ड्यात एक फेरी मारायची आणि काम कुठवर आलं ते लिहून न्यायचं, असं ठरलं. ठरवलं तिनेच. ऑफिसात बसून फोनवरही ते कळलं असतं. पण फोनवर कळलेलं तिला एकाएकी पटेनासं झालं होतं.

रूफस बोलायला लागला की सेंट टिब उभं राहायचं. नीडल लेनच्या वळणावरचं जुनं चर्च. लंडनच्या मोठ्या आगीत जळालं, आगीनंतर नव्याने बांधलं, पुढे दोनशे वर्षं टिकलं. मग आजूबाजूच्या घरांची ऑफिसं झाली, माणसं नव्या उपनगरांत राहायला गेली, आणि रविवारी प्रार्थनेला उरली अकरा डोकी. त्यातही पाद्री, पाद्र्याची बायको आणि घंटा वाजवणारा धरून.

"आणि एक मांजर," रूफस म्हणाला. "चर्चच्या कारभाऱ्यांनी बैठकींची वही ठेवलीय, तिच्यात मांजराची नोंद आहे. 'हजेरी नियमित.'"

"मग पाडलं?"

"पाडलं. प्रवचनाचा मंच एसेक्समधल्या एका खेड्यात गेला. घंटा कुठल्याशा नव्या चर्चने नेल्या. विटा रस्त्यात घातल्या, तुम्ही रोज बसने त्यांच्यावरूनच येत असाल. वर बँक आली. बँकेवर युद्धात बॉम्ब पडला. मग ते करडं ऑफिस. आणि आता तुम्ही."

"माझ्याकडे असं बघू नका. मी काही बॉम्ब नाही."

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला, आणि इतकं सरळ तिच्याकडे पाहिलं की तिने घाईघाईने वहीत काहीतरी लिहिलं. ऑफिसात जाऊन पाहिलं तर लिहिलं होतं: 'मांजर'.

त्याचा खरा जीव अडकला होता पूर्वेच्या भिंतीत. तिथे गल्ली वळते, म्हणून चर्चची जागाही तिरकी. एका बाजूची लांबी दुसरीपेक्षा अकरा फूट जास्त. पण आतलं एक जुनं चित्र होतं त्याच्याकडे, आणि त्यात सगळं कसं सुतात! खांब समोरासमोर, खिडक्या सारख्या, वेदी बरोबर मधोमध.

"मग ती अकरा फुटं गेली कुठे?" रूफसने विचारलं, जणू नेलनेच ती लपवली होती. "माझं म्हणणं असं, की बांधणाऱ्याने दोन भिंती घातल्या. बाहेरची गल्लीप्रमाणे तिरकी, आतली सरळ. मधे पाचर उरली. त्या पाचरीत जिना, कपाट, काय वाटेल ते. आत उभं राहिलेल्याला वाकडेपणा कळूच द्यायचा नाही. कुणाला पटत नाही माझं. नकाशा नाही ना शिल्लक! पाया सापडला तरच..."

"आम्ही वेळापत्रकात हेच करतो. आत सगळं वाकडं असतं, साहेबांना दाखवताना काटकोनात."

"आणि मधल्या पाचरीत काय दडवता?"

"रविवार," नेल म्हणाली.

तो हसला. त्याचं हसू आधी खांद्यांना यायचं, मग डोळ्यांना, आणि ओठांपर्यंत पोचेस्तोवर समोरचा हसून मोकळा झालेला असायचा. नेलला ते शुक्रवारपर्यंत पाठ झालं.

त्या शुक्रवारी तिने बन आणले होते. कॉर्नवॉलहून तिच्या बाबांनी पोस्टाने धाडलेले, केशर घातलेले, पिवळेधम्मक. सगळे ताडपत्रीखाली उकिडवे बसून खात होते. रूफसच्या मिशीला कण लागला होता आणि तो पुसावा अशी नेलच्या बोटांना भलतीच घाई झाली होती, म्हणून तिने दोन्ही हात खिशात घातले.

"नेल," तो बनकडे बघत म्हणाला, "माझ्याबरोबर जेवायला याल... एखाद्या संध्याकाळी? उद्याच असं नाही. तुम्हाला जमेल तेव्हा..."

शेजारी मॅग्डा बसली होती. मूळची पोलंडची, बारा वर्षं रूफसच्या हाताखाली उकरणारी, आणि कान असे की मातीखालचंही ऐकू यावं. तिचं खाणं थांबलं. पलीकडच्या दोघांचंही थांबलं.

नेलच्या जिभेला एक खोड होती. मनात काही हललं की जीभ आधी धावायची, थट्टा करून मोकळी व्हायची, आणि मन मागाहून धापा टाकत पोचायचं. आताही तेच झालं.

"येईन की!" ती मान उडवून म्हणाली. "सेंट टिबच्या आदल्या दिवशी!"

कॉर्नवॉलमध्ये, तिच्या गावात, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई विचारायची, "छप्पर कधी शाकारणार?" बाबा म्हणायचे, "सेंट टिबच्या आदल्या दिवशी." छप्पर अजून गळतंय. कारण सेंट टिब नावाची संतीण कुणी ओळखत नाही, पंचांगात तिचा सण नाही, मग सणाचा आदला दिवस कुठून येणार? कधीच नाही, एवढाच अर्थ. आणि चर्चचं नाव आयतंच समोर असताना ही थट्टा न करणं नेलला शक्यच नव्हतं. सेंट टिबच्या खड्ड्यात राबणाऱ्याला एवढं माहीत असणारच, असं ती धरून चालली.

रूफस हसला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला आणि चिखलाखालून कान लाल झाले.

"खरंच?"

"अगदी खरं!"

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग ठरलं."

वा, हाही थट्टेत मागे नाही, असं मनाशी म्हणत नेल शिडी चढून वर आली. वर आल्यावर, रस्ता ओलांडताना, तिचं मन धापा टाकत पोचलं. अगं, हे काय बोलून बसलीस? तुला तर जायचं होतं!

ठीक आहे, तिने स्वतःची समजूत घातली. पुन्हा विचारेल. पुन्हा विचारलं की सरळ हो म्हणायचं.

पण त्याने पुन्हा विचारलंच नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रूफस रागावला असता, तोंड फिरवून बसला असता, तर तिला कळलं असतं काय करायचं ते. पण तो खुशीत! शीळ घालत उकरायचा. तिला बघितलं की हातातलं टाकून यायचा. मातीच्या चिलमीचा तुकडा, जुन्या काचेची चकती, फरशीवर उमटलेला कुत्र्याचा पंजा, असं काही ना काही तिच्यासाठी धुऊन ठेवलेलं असायचं. "बघा," म्हणायचा, आणि ती बघत असताना तो तिच्याकडे बघायचा. आणि विचारायचा मात्र काही नाही.

नेलचा जीव टांगणीला लागला. बसमध्ये ती ओठ हलवून सराव करायची: हो, येईन की. हो, आवडेल मला. समोर बसलेल्या म्हातारीने एकदा तिला खोकल्याची गोळी देऊ केली. ऑफिसात ती पडद्यावरचे रंगीत पट्टे उगाच पुढेमागे सरकवायची. एकदा तर विसावा मजला अठराव्याच्या आधी बांधून मोकळी झाली.

"नेल," एका सकाळी रूफस गंभीर होऊन म्हणाला. "एक विचारू?"

"विचारा ना!" ती इतक्या जोरात म्हणाली की मॅग्डाने वळून पाहिलं.

"जरा शिडी धराल?"

तिने शिडी धरली. दुसरं काय करणार?

एकोणीस तारखेला, गुरुवारी, पाचर सापडली.

रूफसने ऑफिसात फोन केला आणि नुसतंच म्हणाला, "या." ती धावत गेली, पण दारातून. पूर्वेच्या बाजूला, बँकेच्या काँक्रीटखाली, दोन पाये दिसत होते. एक तिरका, एक सरळ, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गोल जिन्याच्या तीन पायऱ्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या.

"वरच्या सज्जात जायचा जिना," तो कुजबुजला. मोठ्याने बोललं तर जाईल की काय, असं. "बघा, कसं बसवलंय! गल्ली वाकडी ती वाकडीच राहिली, आणि आतल्या माणसाला दोनशे वर्षं पत्ता नाही."

जागा दोघांपुरती होती. ती दुसऱ्या पायरीवर टेकली, तो तिसऱ्या. वर ताडपत्रीवर पाऊस टिपटिपत होता. त्याच्या बाहीचा ओला वास, तिच्या गुडघ्याला लागलेला त्याचा गुडघा... आणि तो काढत नव्हता. तीही काढत नव्हती. आता विचारेल, नेलला वाटलं. आता नाही तर कधी?

"नेल... मला आणखी एक आठवडा हवाय."

ती पायरीवरची माती नखाने खरवडू लागली.

"सत्तावीसला संपवलं तर मला लगेच दोन तारखेला ऑर्कनीला जावं लागेल. बेटावर नवीन काम निघालंय, आठ महिन्यांचं. पण इथलं लांबलं तर ते लोक नऊ मार्चपर्यंत थांबतील. ही भिंत नीट मोजायचीय, आणि..." तो अडखळला. "पाच मार्चला मी लंडनमध्ये असायलाच हवा. तुम्हाला माहीतच आहे."

तिला काय माहीत असणार? भिंतीचंच म्हणत असेल. तिने फक्त एवढंच ऐकलं होतं: आठ महिने. ऑर्कनी. नकाशात स्कॉटलंड संपतं आणि त्याच्याही वर थेंब सांडल्यासारखी जी बेटं दिसतात, ती.

"बघते," ती म्हणाली.

तिने पाहिलं. तीन संध्याकाळी घालवून पाहिलं. दक्षिणेच्या कोपऱ्यातला क्रेनचा पाया आधी घेतला, गाड्यांचा रस्ता फिरवला, आणि कुणाचा एक दिवसही न बुडवता खड्ड्याला सहा मार्चची सकाळ मिळवून दिली. कागद घेऊन ती बर्टकडे गेली. बर्ट ऑलरेड हा बांधकामावरचा मुख्य माणूस. तीस वर्षं या धंद्यात, आणि जुन्या विटांशी त्याचं वैर.

"क्रेनचा पाया हलवलास?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला. "कुणासाठी गं पोरी?"

"सतराव्या शतकासाठी."

"सतराव्या शतकाला मिशी आहे का?" बर्टने विचारलं, आणि सही केली.

मंगळवारी, तीन मार्चला, मॅग्डा शिडीपाशी नेलच्या कानाला लागली. तिच्या पोटात काही राहत नसे.

"तुला कळलं का? साहेबांनी टाय घेतला. टाय! बारा वर्षांत मी त्या माणसाच्या गळ्यात मफलरीशिवाय काही बघितलं नाही. आणि परवा, पाच तारखेला, कुठल्याशा खाणावळीत टेबल सांगून ठेवलंय. दोघांचं."

"दोघांचं?"

"मी विचारलं, कोण बाई? तर म्हणतो, महिनाभरापूर्वीच ठरलंय. पुढे बोलेना. नुसता लाल होतो." मॅग्डाने नेलकडे तिरकं पाहिलं. "मला तर वाटलं होतं की..."

"काय वाटलं होतं?"

"काही नाही गं. चहा घेतेस?"

नेलने चहा घेतला नाही. म्हणजे महिनाभर हे असं चाललं होतं! म्हणून पुन्हा विचारलं नाही. म्हणून ती शीळ. म्हणून 'पाच मार्चला लंडनमध्ये असायलाच हवा'! आणि त्या बाईबरोबर निवांत जेवता यावं म्हणून क्रेनचा पाया कुणी हलवला? हिने. स्वतःच्या हाताने. तीन संध्याकाळी खपून. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा हे ठरवता येत नव्हतं. मिशीला कण लागलेला असताना त्याने तिला विचारलं होतं, आणि तिने हसून घालवलं होतं. मग त्याने दुसरीला विचारलं. त्यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही, आणि हेच जास्त लागत होतं.

बुधवारी ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. खाली उतरली नाही.

"मिस्टर हेल, परवा सकाळी आठ वाजता खड्डा रिकामा हवा. मिनिटभरही जास्त मिळणार नाही."

रूफसने वर पाहिलं. पावसाचं पाणी त्याच्या कपाळावरून ओघळत होतं.

"मिस्टर हेल? नेल, काय झालं?"

"काही नाही. वेळापत्रक आहे."

"पण उद्या..."

"उद्याचं तुमचं तुम्ही बघा!" असं म्हणून ती तरातरा निघाली, थेट उत्तरेच्या भिंतीतून. पाठीमागून कुणीही चहाची आठवण केली नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पत्र्याच्या केबिनमध्ये नेल एकटीच होती. बाकीचे घरी गेले होते. छपरावर पाऊस तडतडत होता. आज मात्र तो खराखुरा पडत होता. सोमवारी सकाळी सात वाजता काँक्रीटची पहिली गाडी, असं ती टाइप करत होती आणि 'सोमवार' हा शब्द तिसऱ्यांदा चुकला होता. सोमवारी तो बोटीत असेल.

दार वाजलं.

दारात एक अनोळखी माणूस उभा होता. गोरा, केस विंचरलेले, हनुवटीवर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा, हातात मिटलेली छत्री.

"ऑफिस बंद झालंय," नेल म्हणाली. मग तिला टाय दिसला, निळा. मग डोळे दिसले. "...रूफस?"

"लवकर आलो का?"

"कशासाठी?"

"जेवायला." त्याने टायला हात लावला. "काल तुम्ही जरा... मला वाटलं विसरलात. मग म्हटलं, नाही, विसरल्या कशा असतील, ठरवलं तर त्यांनीच होतं."

"मी काय ठरवलं होतं?"

"आज पाच मार्च," तो म्हणाला. तिचा चेहरा कोराच बघून पुढे म्हणाला, "उद्या सेंट टिबचा सण. म्हणजे आज आदला दिवस."

नेलने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"सेंट टिबला... सण असतो?"

"असतो म्हणजे! सहा मार्च. कारभाऱ्यांच्या वहीत दरवर्षीचा आहे. आदल्या संध्याकाळी घंटा वाजायच्या आणि चर्चची कारभारी मंडळी शेजारच्या खाणावळीत जेवायला बसायची, बायकांना घेऊन. मला वाटलं तुम्ही ते वाचलंय! मला वाटलं, काय बाई आहे... नुसतं हो म्हणायचं सोडून थेट वहीतून उत्तर देते. त्या दिवशी मी बस सोडून दिली, नेल. सहा मैल चालत घरी गेलो."

नेलला आधी हुंदका आला की हसू, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे ती तुमची पाच तारखेची बाई..."

"कुठली बाई?"

"ती मीच!"

"मग दुसरी कोण असणार?" तो भांबावला. हसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. "पण यात एवढं हसण्यासारखं काय आहे?"

इथे नेलला गप्प बसता आलं असतं. कोट घालून, त्याच्या छत्रीत शिरून, वहीतल्या त्या कारभाऱ्यांसारखं जेवायला जाता आलं असतं आणि त्याला जन्मात पत्ता लागला नसता. पण तो दारात असा उभा होता, ओरखडा आणि टाय आणि सगळं घेऊन, की तिला ते करवेना.

"आमच्याकडे," ती हळू म्हणाली, "सेंट टिबच्या आदल्या दिवशी म्हणजे... कधीच नाही. कॉर्नवॉलमध्ये म्हणतात तसं. थट्टेत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

"म्हणजे तुम्ही नाही म्हणालात."

"हो. म्हणजे... तेव्हा."

"आणि मी चार आठवडे..." त्याने मिटलेली छत्री पुन्हा मिटली. "सगळ्यांसमोर म्हणालात. मग त्यांनाही कळलं असेल. फक्त मलाच... माफ करा हं, नेल. टेबल रद्द करून टाकतो मी." आणि तो वळला.

नेलच्या जिभेवर तीन थट्टा तयार होत्या. टायवर एक, मांजरावर एक, आणि तिसरी फारच चांगली होती. तिने तिन्ही गिळल्या.

"थांब," ती म्हणाली. "रूफस, तू थांब."

इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द, त्यामुळे नेल नेमकी कुठे बदलली हे कुणाला दाखवता येणार नाही. पण तो दारात थबकला, त्याअर्थी त्याला ते ऐकू आलं होतं.

"मला तेव्हाच यायचं होतं. भीती वाटली की मी अशीच काहीतरी बडबडते. रस्ता ओलांडायच्या आत पस्तावले. रोज वाट बघत होते की तू पुन्हा विचारशील... आणि तू शिडी धरायला सांगितलीस! धरली मी. परवा मॅग्डाने टायचं सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही मला. माणसं एकमेकांना फुलं देतात, मी तुझ्यासाठी क्रेनचा पाया हलवला." तिचा आवाज कापायला लागला होता आणि तिने तो कापू दिला. "मला तू आवडतोस. खूप आवडतोस. आणि हे मी थट्टेत म्हणत नाहीये."

रूफस मागे फिरला. आत आला, छत्री टेबलावर ठेवली, तिच्या कागदांवरच. कागद भिजले.

"सोमवारी मी चाललोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आठ महिने. बेटावर सहा माणसं आणि चारशे मेंढ्या. तू येशील... कधीतरी?" आणि लगेच हात वर करून म्हणाला, "नाही, 'कधीतरी' नको. असल्या शब्दांवर आता माझा विश्वास राहिला नाही."

"एकोणतीस मे," नेल म्हणाली. "दुपारची बोट. दीड तास लागतो. अठ्ठावीसला आमचा तळमजला संपतो, पुढे दहा दिवस सुट्टी आहे मला."

"तू बोटीचं वेळापत्रकसुद्धा पाहिलंस? कधी?"

"तू ऑर्कनीचं नाव काढलंस त्याच दिवशी. पाहिलं, आणि मग स्वतःलाच चार शिव्या घातल्या."

त्याचे खांदे हलले. मग डोळे. पण ओठांपर्यंत येता येता त्याने ते हसू अडवलं आणि तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"एकोणतीस मे," तो म्हणाला. "हा दिवस तुमच्या कॉर्नवॉलमध्ये असतो ना?"

"असतो."

"नक्की?"

"शुक्रवार आहे, रूफस."

तो भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला, एकेक पान उलटत मे महिन्यापर्यंत आला, आणि एकोणतीस तारखेवर बोट ठेवून ती खरोखरच तिथे असल्याची खात्री करून घेतली.